ओसेलारिस क्लाउनफिशची जोडी: ढुशा, ॲनिमोन आणि पिल्लांचा चौथा दिवस

प्रश्न थोडक्यात असा आहे. कोल्हापुरात राजारामपुरीत तीन फुटी खाऱ्या पाण्याची टाकी आहे आणि तिच्यात ओसेलारिस क्लाउनफिशची जोडी आहे. मोठा मासा लहानाला सारख्या ढुशा मारतो, लहान आडवा होऊन थरथरतो आणि वर्षभरात तो फारसा वाढलेलाही नाही. तिसरा मासा आणला तर मार वाटला जाईल का? ॲनिमोन, म्हणजे क्लाउनफिश ज्यात घर करतो तो दंश करणारा समुद्रप्राणी, घेतला तर दोघं शांत होतील का? आणि दोनदा अंडी फुटूनही सगळी पिल्लं तिसऱ्या-चौथ्या दिवशी का मेली?

आधी उत्तरं देतो. तिसरा मासा आणू नका. ॲनिमोन घेऊ नका. तुमची जोडी भांडत नाही, ती नीट जमलेली आहे. अंडी फुटली हाच त्याचा पुरावा. पिल्लं मात्र उपासमारीने मेली आहेत, आणि ती थांबवणं पूर्णपणे तुमच्या हातात आहे.

ओसेलारिस हा अंदमान-निकोबारपासून आग्नेय आशिया आणि उत्तर ऑस्ट्रेलियापर्यंतच्या उथळ प्रवाळ खडकांवरचा मासा. मादी वाढून फार तर दहा-अकरा सेंटिमीटर होते. पोहण्यात तो कच्चा आहे. ॲनिमोनपासून चार हात लांब गेला की कुणीतरी गिळणार हे ठरलेलं, म्हणून त्याचं सगळं आयुष्य एका ॲनिमोनच्या घेरात जातं. घर एक, जागा थोडी आणि बाहेर पडणं म्हणजे मरण. अशा ठिकाणी रोज जिवावर उठून भांडणं परवडत नाही, म्हणून या माशांत उतरंड असते. सर्वांत मोठी ती मादी, दुसऱ्या क्रमांकाचा तो प्रजननक्षम नर, आणि त्याखाली तीन-चार लहान मासे, जे ना नर ना मादी अशा अवस्थेत थांबून असतात. मादी मेली की नर काही आठवड्यांत ते काही महिन्यांत मादी होतो आणि तिसरा मासा वाढून नराची जागा घेतो. हान्स फ्रिके आणि सिमोन फ्रिके या संशोधकांनी १९७७ मध्ये ‘नेचर’ या विज्ञान नियतकालिकात हे मांडलं. हा बदल एकाच दिशेने होतो. मादी झालेला मासा पुन्हा नर होत नाही. म्हणून वेगवेगळ्या टाक्यांतून आणलेले दोन मोठे मासे एकत्र सोडले आणि दोन्ही माद्या निघाल्या, तर त्यातली एकच उरते.

लहान मासा वाढत नाही याचं उत्तरही याच उतरंडीत आहे. संशोधक पीटर बस्टन यांनी पापुआ न्यू गिनीमध्ये पर्क्युला या जवळच्या जातीवर काम केलं. २००३ मध्ये त्यांनी दाखवलं की खालच्या क्रमांकाचा मासा आपली वाढ स्वतःच आवरून धरतो. वरच्या माशापेक्षा तो साधारण पाचव्या भागाने आखूड राहतो. तेवढं अंतर राहिलं की वरच्याला त्याच्यापासून धोका वाटत नाही. अंतर कमी झालं की मार वाढतो, आणि कधी कधी हकालपट्टी होते. तुमची मादी आठ सेंटिमीटरची असेल तर नर सहा-साडेसहाचा असणं हीच त्याची योग्य लांबी आहे. त्याला जास्त खाऊ घालून मोठं करायच्या मागे लागू नका.

आता ढुशांबद्दल. मादी जवळ आली की नर अंग तिरकं करतो, पोट तिच्याकडे वळवतो आणि डोकं-मान झटक्याझटक्याने थरथरवतो. हे मान तुकवणं आहे, आणि ते झालं की मादी निघून जाते. कान दिलात तर टाकीतून बारीक टकटकही ऐकू येईल. हा आवाज क्लाउनफिश जबडा झटक्याने मिटून, दातावर दात आपटून काढतात. अंडी घालायच्या आधी दोन-तीन दिवस ढुशा वाढतात, कारण मादी नराला जागा साफ करायला लावते. यात काळजीचं काहीच नाही.

काळजी कशाची करायची तेही नीट पाहा. परांच्या कडा फाटलेल्या, खवले निघालेले, नर पृष्ठभागाच्या कोपऱ्यात किंवा हीटरच्या मागे अडकून बसलेला, आणि खाणं टाकलं तरी पुढे येत नाही. ही लक्षणं दिसली तर मादीला वेगळं करा, नराला नव्हे. भोकं असलेली मोठी प्लास्टिकची चाळणी किंवा जाळीची पेटी टाकीच्या कडेला टांगून मादीला आठ-दहा दिवस तिच्यात ठेवा. नर मोकळा फिरतो, त्याचा दरारा थोडा वाढतो, मादीला मात्र जागेवरचा हक्क पुन्हा पहिल्यापासून मिळवावा लागतो. नराला वेगळं काढून परत सोडलं तर मादीच्या लेखी तो नवा घुसखोरच असतो.

तिसरा मासा आणून मार वाटला जात नाही, कारण प्रत्येक मासा मुख्यतः आपल्या लगेच खालच्याला मारतो. तिसरा आला की तुमचा नर त्याच्यावर तुटून पडेल, कारण त्याच्या जागेला खरा धोका तोच आहे. समुद्रात मोठ्या ॲनिमोनमध्ये पाच-सहा मासे नांदतात, तिथे ॲनिमोनच्या कडेला सरकायला जागा असते. तीन फुटी काचेत कड म्हणजे कोपरा, आणि कोपऱ्यात गाठलेला मासा आठवड्यात संपतो.

ॲनिमोनविषयी थोडं जास्त सांगावं लागेल, कारण सगळ्यात जास्त पैसे आणि जीव इथेच जातात. ॲनिमोनच्या दंशपेशी स्पर्श आणि रसायन या दोन्हींवर सुटतात. बहुतेक माशांच्या अंगावरच्या चिकट थरात सियालिक ॲसिड असतं आणि ते दंशाला चिथावतं. क्लाउनफिशच्या थरात ते फार कमी असतं. पिल्लू अवस्थेत मात्र ते इतर माशांइतकंच असतं आणि पांढरे पट्टे उमटायच्या सुमारास घटतं. म्हणजे पिल्लाला ॲनिमोन झोंबतो, पट्टे आलेल्या माशाला झोंबत नाही. बदल्यात मासा ॲनिमोन खाणाऱ्या फुलपाखरू माशांना हुसकावतो, रात्री पर हलवून पाणी खेळतं ठेवतो, आणि त्याच्या मूत्रातला अमोनिया ॲनिमोनच्या पेशीतल्या शैवालाला खत म्हणून मिळतो.

टाकीत शिकारी नाही, म्हणून क्लाउनफिशला ॲनिमोनची गरजही नाही. ओसेलारिसचे समुद्रातले खरे यजमान, म्हणजे तो ज्यांच्यात राहतो ते ॲनिमोन, तीनच: मॅग्निफिका, गायगॅन्टिया आणि मर्टेन्सी. मर्टेन्सीची तोंडाभोवतीची चकती मीटरभर पसरते, मॅग्निफिका टाकीत क्वचितच टिकतो. दुकानात सहज मिळणारा बबल-टिप ॲनिमोन हा ओसेलारिसचा नैसर्गिक यजमान नाही. टाकीत तो कधी स्वीकारला जातो, कधी वर्षभर त्याच्याकडे बघितलंही जात नाही. हॅचरीत, म्हणजे मासे पैदास केंद्रात, वाढलेल्या माशाने तर ॲनिमोन कधी पाहिलेलाच नसतो, तो पॉवरहेडच्या (पाणी खेळवणाऱ्या पंपाच्या) मागच्या कोपऱ्यालाच घर मानतो. त्यात ॲनिमोन जागा सोडून सरकत फिरतो. रात्रीत पॉवरहेडच्या जाळीत ओढला गेला की त्याचा लगदा होतो आणि सकाळपर्यंत सगळी टाकी दूधाळ. समुद्रात ॲनिमोन अनेक दशकं जगतो आणि क्लाउनफिशच्या पिढ्या त्यात राहतात, त्यामुळे एक उपटून आणणं म्हणजे अख्खं घर उठवणं. माझं मत ठाम आहे: टाकी सहा-आठ महिने स्थिर नसेल, तीव्र दिवे नसतील, पॉवरहेडवर स्पंजचं आवरण नसेल, तर ॲनिमोनचा विचारही करू नये. त्याच्याऐवजी भाजक्या मातीची, रंग किंवा रोगण नसलेली पाच-सहा इंची कुंडी आडवी ठेवा. शाहूपुरीच्या कुंभार गल्लीत मिळेल. दोन दिवस साध्या पाण्यात भिजवून, घासून टाकीत ठेवा. तिच्यात ते झोपतात आणि अंडीही तिथेच घालतात, त्यामुळे कुंडी उचलून पिल्लांच्या टाकीत नेता येते. ॲनिमोनजवळच्या खडकावर घातलेली अंडी अशी उचलता येत नाहीत.

जाता जाता एक गोष्ट, कारण कुणीतरी विचारणारच. आपल्या किनाऱ्यावरून जिवंत प्रवाळ किंवा प्रवाळाचा खडक उचलून आणणं हा १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याखाली गुन्हा आहे, खडकबांधणी करणारी प्रवाळं त्याच्या पहिल्या परिशिष्टात आहेत. क्लाउनफिशसुद्धा हॅचरीतलाच घ्या. केंद्रीय सागरी मत्स्य संशोधन संस्थेने त्याचं प्रजनन तंत्र केव्हाच बसवलं आहे, नवी मुंबईत ऐरोलीला मॅन्ग्रोव्ह फाउंडेशनची शोभिवंत सागरी माशांची हॅचरी आहे. हॅचरीतला मासा टाकीत खातो आणि त्याच्या अंगावर रोगही कमी असतात.

कोल्हापूरचं हवामान या माशाला सोपं नाही. पाणी २५ ते २७ अंश, क्षारता हजारी ३५, म्हणजे विशिष्ट घनता साधारण १.०२६, पीएच ८.१ ते ८.४, अमोनिया आणि नायट्राइट शून्य, नायट्रेट २० पीपीएमच्या आत. एप्रिल-मेमध्ये घर तापलं की टाकी ३० च्या पुढे जाते. कोरड्या उन्हाळ्यात पृष्ठभागावर सोडलेला छोटा पंखा दोन-तीन अंश उतरवतो, पण त्याची किंमत बाष्पीभवन असते. दीडशे लिटर पाण्यातून दिवसाला चार लिटर उडाले तर क्षारता ३५ वरून ३६ होते. मीठ उडत नाही, म्हणून रोज भर घालायची ती बिनमिठाच्या आरओ पाण्याची. काचेवर पातळीची खूण करा आणि सकाळ-संध्याकाळ तिथवर भरा. पावसाळ्यात हवा दमट असते, त्यामुळे पंख्याचा उपयोग घटतो, पण हवाच थंड असल्यामुळे भागतं. डिसेंबर-जानेवारीच्या रात्री मात्र हीटर हवाच, दीडशे लिटरला दीडशे वॉटचा.

मेच्या उष्म्याला हलकं घेऊ नका. २०२३ मध्ये पापुआ न्यू गिनीच्या किंबे उपसागरात उष्णतेची लाट आली तेव्हा मोजलेल्या क्लाउनफिशपैकी बहुतेकांची लांबी चक्क घटली, आणि आखूड झालेले मासे जास्त तगले. टाकीतला मासा उष्म्यात धापा टाकतो, कारण गरम पाण्यात प्राणवायू कमी विरघळतो. त्यात वीज गेली तर अर्ध्या-पाऊण तासात त्रास सुरू होतो. इन्व्हर्टरवर दिवे नकोत, आधी एक पॉवरहेड आणि एअर पंप जोडा. बॅटरीवर चालणारा एअर पंप घरात तयार असावा. आणखी एक: डासांची कॉइल, लिक्विड, मॅट यांतली पायरेथ्रॉइड औषधं माशांना आणि कोळंबीला अतिशय विषारी असतात, आणि एअर पंप खोलीतली हवा सरळ पाण्यात ढकलतो. टाकीच्या खोलीत ती वापरूच नका.

नळाचं पाणी आरओ आणि डीआय रेझिनमधून (उरलेले क्षार शोषणाऱ्या दाण्यांतून) गाळून टीडीएस, म्हणजे विरघळलेले क्षार, शून्य करून घ्या. पावसाळ्यात नळाला गाळ आणि क्लोरीन दोन्ही वाढतात, तेव्हा आरओचा सेडिमेंट आणि कार्बन फिल्टर नेहमीपेक्षा लवकर बदला, नाहीतर क्लोरीन मेम्ब्रेन खाऊन टाकतं. मीठ लिटरला ३५ ते ३८ ग्रॅम, ब्रँडप्रमाणे आणि ओलाव्याप्रमाणे. पाकिटावरच्या आकड्यावर न जाता रिफ्रॅक्टोमीटरने, म्हणजे क्षारता मोजायच्या उपकरणाने, मोजा. काहीजण रत्नागिरीहून आंबा घाटाने समुद्राचं पाणी कॅनमधून आणतात. आणायचंच तर डिसेंबर ते मार्चमध्ये, खाडीच्या मुखापासून आणि बंदरापासून लांबचं, भरतीच्या वेळी. पावसाळ्यात किनाऱ्याच्या पाण्यात नद्यांचं गोडं पाणी आणि गाळ मिसळलेला असतो, ते वापरू नये.

मुंबईहून रात्रीच्या बसने मासा पार्सलने येतो तेव्हा पिशवीत दहा-बारा तासांचा अमोनिया साठलेला असतो. कार्बन डायऑक्साइडमुळे पिशवीतला पीएच खाली असतो, म्हणून तोवर तो फारसा बाधत नाही. पिशवी उघडली की वायू उडतो, पीएच चढतो आणि तोच अमोनिया विषारी होतो. म्हणून पिशवी उघडून तासभर थेंबथेंब पाणी सोडायची पद्धत लांबच्या प्रवासाच्या माशाला घातक आहे. विक्रेत्याला त्याच्या टाकीची घनता आधी विचारा, अनेकजण ती १.०१९-१.०२० च्या आसपास ठेवतात. क्वारंटाइन टाकीत, म्हणजे नवा मासा वेगळा ठेवायच्या टाकीत, आधीच तेवढी घनता करून ठेवा, बंद पिशवी वीस मिनिटं तरंगवा, मग उघडून मासा लगेच हलवा आणि पिशवीतलं पाणी फेकून द्या. क्षारता नंतर चार-पाच दिवसांत वाढवा. क्वारंटाइन किमान चार आठवडे.

त्या काळात अंगावर पांढुरका चिकट थर सोलल्यासारखा लोंबला, श्वास जोरात चालला आणि खाणं सुटलं तर तो ब्रुकलिनेला या परजीवीचा रोग. क्लाउनफिशला हा खास ग्रासतो आणि दोन-तीन दिवसांत मारतो, तांबं त्यावर चालत नाही. ३७ टक्के फॉर्मॅलिन, दहा लिटर खाऱ्या पाण्याला दीड मिलिलिटर, वेगळ्या बादलीत, जोरदार हवा सोडून, तीस ते पंचेचाळीस मिनिटं, समोर बसून. मासा कलंडला तर त्या क्षणी बाहेर. बाटलीच्या तळाला पांढरा साका बसला असेल तर ते फॉर्मॅलिन वापरू नका, साका माशाला फार विषारी असतो. हातमोजे घाला, खिडकी उघडी ठेवा. मिठाच्या कणासारखे सुटे ठिपके असतील तर तो पांढरा ठिपका रोग, आणि पिठूळ धूळ पसरल्यासारखी दिसली तर वेल्वेट रोग. या दोन्हींवर तांब्याचं औषध, फक्त क्वारंटाइन टाकीत आणि रोज चाचणी करून. मुख्य टाकीत तांबं घातलं तर खडक ते शोषून घेतो आणि कोळंबी-शंख मरतात.

आता पिल्लं. मादी केशरी अंडी घालते, पहिल्या खेपांना शंभर-दोनशे, मुरल्यावर चारशे-पाचशे आणि त्याहून जास्त. नर त्यांना वारा घालतो, तोंडाने साफ करतो, मेलेली खाऊन टाकतो. २६-२७ अंशांना सातव्या-आठव्या रात्री अंडी फुटतात, पाणी थंड असेल तर नवव्या-दहाव्या. अंड्यांत चंदेरी डोळे चमकायला लागले की त्याच रात्री किंवा दुसऱ्या रात्री फुटणार समजा. दिवे मालवायच्या आधी कुंडी पाण्याबाहेर न काढता भांड्यातूनच पिल्लांच्या टाकीत न्या आणि अंड्यांखाली एअरस्टोन (बुडबुडे सोडणारा सच्छिद्र दगड) अशा बेताने ठेवा की बुडबुडे अंड्यांवर न आपटता शेजारून जातील आणि प्रवाहाने अंडी हलत राहतील. मग पूर्ण अंधार. अंधार पडल्यावर तास-दोन तासांत ती फुटतात. मध्येच टॉर्च मारून बघितलंत तर फुटणं थांबतं.

पिल्लू तीन-चार मिलिमीटरचं असतं, तोंड लहान, बलकाची शिदोरी एक-दोन दिवसांची. त्यानंतर ते जे समोर येईल तेच खातं, शोधत फिरायचं बळ त्याच्यात नसतं. म्हणून तुमची पिल्लं तिसऱ्या-चौथ्या दिवशी मेली. बारीक केलेला फ्लेक किंवा अंड्याचा बलक त्याला अन्न म्हणून दिसतच नाही, उलट पाणी नासतं. नुकता फुटलेला आर्टेमियाही (कोळंबीसारखा बारीक जीव) पहिल्या दिवशी त्याच्या तोंडाला मोठा पडतो. त्याला हवा रॉटिफर, म्हणजे त्याहून सूक्ष्म जलजीव, आणि तोही मुबलक: मिलिलिटरला आठ ते दहा. पंचवीस लिटरच्या टाकीत हा हिशेब दोन ते अडीच लाखांवर जातो. सिरिंजमध्ये एक मिलिलिटर घेऊन उजेडासमोर भिंगाने मोजा, दहाएक हलते ठिपके दिसले पाहिजेत. सकाळी, दुपारी, संध्याकाळी मोजा.

म्हणून रॉटिफरची तयारी अंड्यांच्या आधी तीन आठवडे सुरू होते. दहा लिटरच्या दोन बादल्या, क्षारता २० ते २५, तापमान २५ ते २८, हलकी हवा, अन्न म्हणून नॅनोक्लोरॉप्सिस शैवाल. पाणी हिरवं राहील इतकं घाला, पारदर्शक झालं म्हणजे रॉटिफर उपाशी. मिलिलिटरला शंभरपर्यंत पोचले की दोन बादल्यांत वीस लाख होतात. रोज चौथा हिस्सा ५० मायक्रॉनच्या जाळीतून गाळून घेता येतो, आणि काढलेलं पाणी ताज्या पाण्याने भरायचं. दोन बादल्या यासाठी की एक कधीतरी कोसळतेच, वीज गेल्यावर तर हमखास. उपाशी रॉटिफर पिल्लाला दिला तर पोट भरतं पण पोषण मिळत नाही, आणि ही चूक आठव्या-दहाव्या दिवशी, पिल्लाचं लहान माशात रूपांतर होताना, सामूहिक मृत्यूने दिसते. म्हणून गाळलेला रॉटिफर काही तास दाट शैवालात ठेवून मगच द्यावा.

पिल्लांची टाकी वीस ते तीस लिटरची, तिन्ही बाजूंनी आणि तळाला काळी, मुख्य टाकीच्याच पाण्याने भरलेली. शैवाल इतकं की पाण्याला हिरवट झाक येईल. उजेड मंद, वरून, दिवसाचे सोळा तास तरी, कारण पिल्लं बघून खातात. बाजूने उजेड आला की ती काचेवर जाऊन आपटतात. फिल्टर नको, सेकंदाला दोन-तीन बुडबुडे पुरे. रोज एअर ट्यूबने तळाचा गाळ ओढा आणि पाचव्या हिश्श्याइतकं पाणी थेंबथेंब बदला. अमोनियाच्या चाचणीत रंग दिसला तर दिवसातून दोनदा. सहाव्या-सातव्या दिवसापासून रॉटिफरसोबत ताजा आर्टेमिया थोडा थोडा सुरू करा. आर्टेमियाची अंडी लिटरला एक-दोन ग्रॅम, २८ अंश, भरपूर हवा आणि उजेड, चोवीस तासांत फुटतात. कोल्हापूरच्या थंडीत हीटर नसेल तर दीड दिवस लागतो. फुटल्यावर पहिल्या काही तासांतच द्या, नंतर त्यातला पोषक बलक संपतो. कवचं पिल्लांच्या टाकीत जाऊ देऊ नका, ती आतड्यात अडकतात. पिल्लाचं पोट केशरी दिसलं म्हणजे त्याने आर्टेमिया खाल्ला.

नवव्या ते बाराव्या दिवसाच्या सुमारास डोक्यामागे पहिला पांढरा पट्टा उमटतो आणि पिल्लं वरचं पाणी सोडून कडेला, तळाला येऊ लागतात. समुद्रात ती हा सगळा काळ प्रवाहात तरंगत काढतात, तरी त्याच किंबे उपसागरातल्या किंबे बेटावर पर्क्युलाची खुणा केलेली पिल्लं तपासली तेव्हा तिथे स्थिरावलेल्यांपैकी साठ टक्के तिथेच जन्मलेली निघाली. हे २००७ मध्ये ‘सायन्स’मध्ये आलं आहे. तळाला आल्यावर स्पंज फिल्टर लावा, उजेड वाढवा आणि बारीक कोरडं खाणं सुरू करा. पट्टे अर्धवट किंवा तुटक आले तर बहुधा सुरुवातीच्या आहारात किंवा दाटीत खोट असते.

दीड-दोन महिन्यांत पिल्लांत उतरंड सुरू होते. सारख्या आकाराची दाटीने ठेवली तर मार विभागला जातो, चार-सहाच ठेवली तर शेवटचं मरतं. त्यामुळे शंभर जगवायच्या आधी ती कुणाला द्यायची हे ठरवून ठेवा. देताना एक मोठं आणि एक त्याच्या पाऊणपट लांबीचं अशी जोडी लावून द्या, म्हणजे घेणाऱ्याच्या टाकीत दोन माद्या होणार नाहीत.